ड्रायली

अकरावीच्या पुस्तकात, धड्याच्या ऐन मधोमध
एक म्हातारा काहीतरी बोलतो
आणि लेखक पुढे लिहितो : ही सेड, ड्रायली.
मागच्या बाकावरून भौरम्मा विचारते,
“सर, पाणी पिलं नव्हतं का त्यानं?”

वर्ग हसतो. जतमधला वर्ग आहे,
पाण्याचं नाव निघालं की जरा बेतानंच हसतो.

मी फळ्यावर लिहिलं : कोरडेपणाने.
पुसलं. कोरडेपणाने तर
बँकेतला माणूस बोलतो, शिक्का शोधत.
उपरोधाने? त्याला टोक असतं,
आणि ते रुतलेलं बघायला बोलणारा थांबतो.
मिश्किलपणे? तिथे डोळे आधीच फितूर.
तिरकस, खोचक, खवचट...
खडू संपत आला,
कोरडा म्हणजे चाबूकसुद्धा, हे आठवेपर्यंत घंटा झाली.
“कोरड्यास का, सर?” सिदगोंडा उठून म्हणाला,
“भाकरीसंगं असतंय त्ये?”
मी म्हटलं, खाली बस.
घरी जाताना, पंक्चरच्या दुकानापाशी कळलं
की सगळ्यांत जवळ तोच गेला होता.

मी सांगलीचा. आमच्याकडे विनोदालाही पूर येतो.
हरभट रोडवर कुणी कोटी केली
की आधी स्वतः हसतो, मग टाळी मागतो,
मग भडंग संपेपर्यंत तीच पुन्हा सांगतो.
इथे बदली झाल्यावर दोन वर्षं मला वाटायचं,
या लोकांना हसताच येत नाही.

मग शाळेला नळ आला.
मांडव, हार, फीत, भाषणं अडीच तास.
पाहुण्यांनी तोटी फिरवली.
नळ खाकरला. दोनदा शिंकला.
मग सूंऽऽ करून नुसता वारा.
सगळे आपापल्या चपला बघत उभे.
आमचा शिपाई रायगोंडा पुढे आला,
नळाखाली हात धरला, उलटा केला, सुलटा केला,
म्हणाला, “वारं ग्वाड हाय.”
आणि बादली उपडी घालायला निघून गेला.

चेहऱ्यावर काही नाही. भिंतीवर असतं तेवढंच.
पाहुण्यांनी मान डोलावली, त्यांना ते कौतुक वाटलं.
मला हसू आलं ते रात्री, अंथरुणात,
इतकं, की बायको दिवा लावून बसली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं :
हे क्रियाविशेषण आहे. क्रियेला चिकटतं.
पण चिकटलेलं दिसलं की समजा चुकलं.
आणि हे दुसऱ्यानं लिहायचं असतं.
‘मी ड्रायली बोललो’ असं जो सांगतो
तो हरभट रोडचा.
पोरांनी शेवटचं वाक्यसुद्धा वहीत उतरवून घेतलं.

मार्चमध्ये रायगोंडा निवृत्त झाला.
आम्ही वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ दिलं.
दोन शब्द बोला म्हटलं, तर तो उभा राहिला,
घड्याळ कानाला लावून बघितलं.
“एकतीस वर्सं घंटा दिली,” म्हणाला,
“ह्ये तवा दिलं असतं तर
येळेवर दिली असती.”
मुख्याध्यापक सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर आलेला नवा शिपाई हसतमुख आहे.
घंटाही वेळेवर देतो.
नळ अजून आहे. बारावीची पोरं त्याला
पंखा म्हणतात, मान न वळवता.

वार्षिक परीक्षेत मी प्रश्न घातला होता :
पुढील शब्द वाक्यात वापरा. ड्रायली. एक गुण.
बहुतेकांनी कपडे वाळवले.
भौरम्मानं लिहिलं :
रायगोंडामामा स्पीक्स डेली.
आरच्या जागी ए पडला होता, बाकी स्पेलिंग बरोबर.
मी लाल पेनाचं टोपण काढलं,
थोडा वेळ तसाच बसलो,
आणि एकातला एक दिला.